स्टालिनने दडवलेली जनगणना

१/ कोणता धर्म वाढला, कोणता घटला, निधर्मी किती झाले, हे आपण आकड्यांवरून ठरवतो. पण ‘मी देव मानतो’ असे सांगणेच जिथे धोक्याचे, तिथे आकडा काय बोलतो? १९३७ सालची सोव्हिएत जनगणना पाहा.

२/ १९१७ च्या क्रांतीनंतर नव्या सत्तेने धर्माविरुद्ध मोहीम उघडली. चर्च, मशिदी, सिनेगॉग बंद झाले. असंख्य धर्मगुरू छळछावण्यांत गेले. १९२५ साली स्थापन झालेल्या निरीश्वरवादी संघाचे सभासद लाखांनी मोजले जाऊ लागले. वीस वर्षांत धर्म क्षीण झाला असणार, अशी राज्यकर्त्यांची अपेक्षा होती.

३/ ६ जानेवारी १९३७. सोळा वर्षे व त्यावरील प्रत्येकाला विचारले गेले: तुम्ही श्रद्धाळू आहात का? असल्यास धर्म कोणता? योगायोग असा, की जुन्या ज्युलियन पंचांगानुसार तो ऑर्थोडॉक्स नाताळाचा आदला दिवस होता. उत्तर निनावी नव्हते. ते नावासमोर नोंदले जाई. ‘हो’ म्हटले तर अटक होईल, अशी भीती अनेकांना होती. उलट, श्रद्धाळू पुष्कळ निघाले तर चर्च पुन्हा उघडतील, अशी आशाही काहींना होती.

४/ उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे ५७ टक्के, म्हणजे साडेपाच कोटी लोकांनी ‘हो’ म्हटले! त्यांत चार कोटींहून अधिक ऑर्थोडॉक्स, तर ८० लाखांहून अधिक मुसलमान होते.

५/ जनगणना रद्द झाली. अर्थात केवळ धर्माच्या आकड्यामुळे हे घडले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९३२-३३ च्या दुष्काळातील मृत्यूंमुळे एकूण लोकसंख्याच अपेक्षेहून फार कमी भरली होती, आणि तो घाव अधिक वर्मी लागला. जनगणना विभागाचे प्रमुख ओलिम्पी क्वित्किन यांना त्याच वर्षी गोळी घालण्यात आली. १९३९ च्या नव्या जनगणनेत धर्माचा प्रश्नच नव्हता. जुने आकडे अर्धशतक कुलूपबंद राहिले.

६/ पुढची गंमत पाहा. प्यू संशोधन केंद्राच्या अहवालानुसार १९९१ साली ३१ टक्के रशियन प्रौढ स्वतःस ऑर्थोडॉक्स म्हणवत होते. २००८ साली ७२ टक्के. मात्र महिन्यातून एकदा तरी उपासनेला जाणारे, कोणत्याही धर्माचे, अवघे ७ टक्के! ओळख परतली, उपासना फारशी परतली नाही.

७/ आता उलट उदाहरण. इंग्लंड-वेल्समध्ये धर्म सोडण्याची सक्ती कोणी केली नाही. तरी ‘धर्म नाही’ म्हणणारे २००१ मध्ये सुमारे १५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ३७ टक्के झाले. ख्रिस्ती ७२ वरून ४६ टक्क्यांवर आले.

८/ जगभरात २०१० ते २०२० या दशकात मुसलमान सुमारे ३४.७ कोटींनी वाढले, ते मुख्यतः तरुण लोकसंख्या आणि अधिक जन्मदर यांमुळे. कोणत्याही धर्माशी नाते न सांगणारे २७ कोटींनी वाढले. त्यांच्या घरी मुले कमी जन्मतात, वयही सरासरीने अधिक. तरी ते वाढले, कारण मोठ्या संख्येने लोक, विशेषतः ख्रिस्ती, आपला धर्म सोडून त्यांच्यात आले. इंग्लंडच्या जनगणनेत धर्माचा प्रश्न ऐच्छिक असतो. तो कोरा सोडला तरी चालते.