सी भाषेतील सरणी व दर्शक

एकाच प्रकारच्या मूल्यांचा संगणकाच्या स्मृतीत सलग मांडलेला संच म्हणजे सरणी आणि स्मृतिस्थानाचा पत्ता धारण करणारे चल म्हणजे दर्शक किंवा पॉइंटर. सी या भाषेत या दोहोंचे नाते निकटचे आहे.

सलग मांडणीची कल्पना सोलापुरी चादरीच्या विणकामावरून स्पष्ट होते. जेकार्ड मागावर नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नोंदतात. दर आडव्या धाग्यास एक याप्रमाणे पुठ्ठे क्रमाने ओवून साखळी करतात. भोक असेल तेथे उभा धागा उचलला जातो. प्रत्येक पुठ्ठ्यावर ४०० जागा धरल्यास तिसऱ्या पुठ्ठ्यावरील सहावी जागा आरंभापासून २×४००+५, म्हणजे ८०५ जागा ओलांडल्यावर येते. सी भाषेतील द्विमितीय सरणीची मांडणी अशीच असते. मात्र मागावर पुठ्ठे ओळीनेच येतात; संगणक हिशेब करून इष्ट जागी थेट पोहोचतो.

मार्टिन रिचर्ड्‌स यांच्या बीसीपीएल (१९६७) व केन टॉम्पसन यांच्या बी या भाषांत मूल्यांना प्रकार नव्हते. पत्ता हा स्मृतीतील घरांचा केवळ क्रमांक असे. पीडीपी-११ संगणकात प्रत्येक बाइटास स्वतंत्र पत्ता असल्याने ही पद्धत गैरसोयीची ठरली. बेल प्रयोगशाळेतील डेनिस रिची यांनी १९७१–७२ मध्ये भाषेत प्रकार आणले. त्यामुळे दर्शकात मिळविलेली संख्या घटकाच्या आकाराने गुणली जाऊ लागली. २ बाइटांच्या पूर्णांकांची सरणी १००० या पत्त्यापासून सुरू होत असल्यास तीत ४ मिळविल्यावर १००८ हा पत्ता येतो. बी भाषेत सरणीसोबत तिचा पत्ता स्वतंत्र घरात साठवीत. रिची यांनी ते घर काढून टाकले. पदावलीत सरणीचे नाव येताच तिच्या पहिल्या घटकाचा पत्ता सिद्ध होऊ लागला.

या पत्त्याबरोबर सरणीची लांबी जात नाही व मर्यादेची तपासणीही आपोआप होत नाही. त्यामुळे वेग साधतो. परंतु सीमा ओलांडल्यास शेजारची स्मृती बिघडते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने ५१२ बाइटांच्या सरणीत अधिक लांब मजकूर घालून याच दोषाचा लाभ घेतला. त्यास वाव देणारे ‘गेट्स’ हे फलन सी भाषेच्या २०११ च्या मानकातून वगळण्यात आले. सीमा सांभाळण्याचे दायित्व मात्र आजही आज्ञावली लिहिणाऱ्यावरच आहे.