जीव वाचला, दुखणं राहिलं

साथींचा इतिहास म्हटलं की आपण आधी मृतांचे आकडे काढतो. आज आपण वाचलेल्यांकडे पाहणार आहोत, आणि तेही सगळ्यांकडे नाही. अतिदक्षता विभागातून, म्हणजे आयसीयूतून घरी आलेल्यांकडे, आणि त्यांच्या एकाच तक्रारीकडे: दुखणं.

सुरुवात आपल्याच शहरापासून करू. २०२१ चे मार्च-एप्रिल आठवा. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. घाटीत, म्हणजे १९५६ साली सुरू झालेल्या आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जालना-बीडकडूनही रुग्ण येत होते. घराघरांत ऑक्सिजन किती, स्कोअर किती, बेड मिळाला का, एवढंच बोलणं. व्हेंटिलेटरचा प्रश्न तर इथल्या खंडपीठासमोर गेला. हे सगळं कागदावर आहे. पण आयसीयूतून बाहेर आलेल्या माणसाचं पुढे वर्षभर काय दुखलं, हे कुठल्या कागदावर शोधायचं?

ही उणीव फक्त आपल्याकडची नाही. आयसीयूचा इतिहास साधारणपणे १९५२ च्या कोपनहेगनपासून सांगतात. पोलिओच्या साथीत मुलांचा श्वास बंद पडत होता. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशात छेद देऊन नळी घालायची आणि हाताने पिशवी दाबून श्वास द्यायचा मार्ग सुचवला. वैद्यकीय शाखेचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. पुढच्याच वर्षी अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग उभा राहिला. त्या क्षणी प्रश्न एकच होता, जगला की गेला? तो बरोबरच होता. पण पुढची कित्येक दशकं आयसीयूचं यश मुख्यतः त्याच एका प्रश्नावर मोजलं गेलं.

दुसरा प्रश्न हळूहळू आला. १९८४ मध्ये कॅनडात चार्ल्स बोल्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की गंभीर आजारात हातापायांच्या नसाही निकामी होतात. २०११ मध्ये टोरंटोच्या मार्गारेट हेरिज यांनी फुप्फुसं निकामी होऊन वाचलेल्यांचा पाच वर्षांचा पाठपुरावा मांडला: फुप्फुसं जवळजवळ पूर्ववत, पण चालण्याची ताकद परतलेली नाही. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, आयसीयूतून सुटून सहा महिने ते वर्ष झालेल्यांपैकी ४४ टक्के लोकांनी कायमचं दुखणं सांगितलं. सगळ्यात जास्त दुखत होता खांदा.

खांदाच का? महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा सांधा आखडतो, स्नायू झिजतात. शिवाय कोविडमध्ये रुग्णांना तासन् तास पालथं झोपवलं गेलं. ते योग्यच होतं. २०१३ च्या एका फ्रेंच अभ्यासात दिवसाला किमान सोळा तास पालथं झोपवल्याने अतिगंभीर रुग्णांमधले मृत्यू निम्म्यावर आले होते. पण त्याच अवस्थेत काहींच्या खांद्याकडून हातात जाणाऱ्या नसा ताणल्या जातात. ज्या उपायाने जीव वाचतो, त्याचीच खूण कधी कधी अंगावर राहते.

आता हे घरात आणून बघा. वाळूजच्या कारखान्यात मशीनवर उभा राहणारा माणूस. हात खांद्याच्या वर जात नाही, तळपायाची रात्रभर आग होते. पैठणकडची बाई. फळीवरचा डबा निघत नाही, खाली बसलं तर उठवत नाही. दोघंही बोलत नाहीत. का? कारण घरच्यांनी दागिने मोडलेत, कर्ज काढलंय. शेजारच्या बेडवरचा गेला, आपण आलो. मग खांदा दुखतो म्हणायला तोंड कसं उघडणार? कुणी बोललंच, तर उत्तर ठरलेलं: "वाचलात ना, हेच खूप झालं." या एका वाक्याने कितीतरी दुखणी नोंदीबाहेर राहिली, असं आम्हाला वाटतं.

आम्ही डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही. इतिहासाचे अभ्यासक म्हणून एवढंच सांगतो, की जे कुणी विचारलं नाही, ते झालंच नाही असं पुढच्या पिढीला वाटतं. आणि इथे तर प्रश्न आजचाही आहे. आखडलेला खांदा आणि दुखावलेली नस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे उपचारही वेगळे. "वय झालं" किंवा "मनाचे खेळ" म्हणून सोडून दिलं, तर फिजिओथेरपीची वेळ निघून जाते.

म्हणून आज घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्याकडे कुणी आयसीयूतून परत आलेलं असेल, कोविड असो नाहीतर दुसरा आजार, त्यांच्याजवळ बसा आणि तीन गोष्टी विचारा. कुठे दुखतं? कधीपासून? त्यामुळे कोणतं काम अडतं? उत्तरं तारखेसह वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. त्यांच्यासाठी तो उपचाराचा धागा असेल. आमच्यासाठी तो या शहराच्या इतिहासाचा राहून गेलेला कागद असेल.

इथे थांबू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.