कोकणातला पाऊस कोणत्या समुद्राचा?

पावसाचा धडा शिकवताना आपण फळ्यावर नैर्ऋत्येकडून एक बाण काढतो आणि ‘हे वारे अरबी समुद्रावरून बाष्प आणतात’ असे सांगतो. ते बाष्प सगळे अरबी समुद्राचेच असते का, असे एखाद्या चौकस मुलीने विचारले तर? प्रश्न साधा वाटतो. पण 1965 ते 1981 या काळात त्याचे उत्तर चक्क उलटे झाले.

जुनी समजूत अशी होती : दक्षिण गोलार्धातील आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात आणि आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणून येतात. म्हणजे बाष्प मुख्यतः विषुववृत्तापलीकडचे. पण ते मोजले कोणी होते?

मोजण्याची संधी आली ती 1962 ते 1965 च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत. मुंबईत कुलाब्याला हवामानकेंद्र उभे राहिले, जहाजे निघाली, विमाने अरबी समुद्रावर उडाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे पहिले संचालक डॉ. पी. आर. पिशारोटी यांनी या निरीक्षणांतून 1963 व 1964 च्या जुलै महिन्यांचा हिशेब मांडला.

रीत दुकानाच्या आवक-जावक वहीसारखी होती. अरबी समुद्र ही एक खोली समजा. दक्षिणेचे दार विषुववृत्त, पूर्वेचे दार आपला पश्चिम किनारा. एक घनमीटर हवेत 15 ग्रॅम बाष्प आहे आणि वारा सेकंदाला 15 मीटर वेगाने वाहतो असे धरले, तर दाराच्या प्रत्येक चौरस मीटरमधून सेकंदाला 225 ग्रॅम पाणी जाते. (हे गणित नववीच्या वर्गात सहज करून घेता येईल.) असे सगळ्या उंचीचे आणि लांबीचे मिळून बेरीज करायची. पिशारोटींच्या हिशेबात पूर्वेच्या दारातून जाणारे बाष्प दक्षिणेच्या दारातून येणाऱ्या बाष्पाच्या दुपटीहून अधिक निघाले. मग उरलेले आले कुठून? अर्थात समुद्राच्या बाष्पीभवनातून. अरबी समुद्रच मुख्य दाता ठरला.

गणितात चूक नव्हती. निरीक्षणे विरळ होती, आणि दक्षिणेच्या दाराचा एक कोपरा जवळजवळ उघडाच राहिला होता.

तो कोपरा केनियाचा. तिथल्या वाऱ्यांच्या निरीक्षणांचा अभ्यास करून जे. फिंडलेटर यांनी 1969 साली दाखवले की विषुववृत्त ओलांडणारी हवा सगळीकडून सारखी येत नाही. पूर्व आफ्रिकेच्या उंच पठाराला अडून ती एका अरुंद पट्ट्यात दाटते आणि जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर वेगवान झोत बनून उत्तरेकडे धावते. कधी कधी वेग ताशी 100 किलोमीटरच्याही वर जातो. या झोताचा जोर आणि पश्चिम भारतातला पाऊस यांचा संबंधही त्यांनी जोडला. त्याआधीच, 1966 मध्ये, पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी भारतीय द्वीपकल्पावर जुलैमध्ये असाच खालच्या थरातला पश्चिमी झोत आढळल्याचे लिहिले होते. एकाच प्रवाहाची दोन टोके दोन ठिकाणी सापडली होती!

मग वही पुन्हा उघडली गेली. 1973 मध्ये साहा आणि बावडेकर यांच्या हिशेबात दक्षिणेच्या दाराची आवक मोठी निघाली. 1981 मध्ये कादे आणि रेव्हर्डिन यांनी 1975 च्या मोसमाचा हिशेब दिला : पश्चिम किनारा ओलांडणाऱ्या बाष्पापैकी सुमारे 70 टक्के दक्षिण गोलार्धातून, 30 टक्के अरबी समुद्राच्या बाष्पीभवनातून. जुनी समजूत बरीचशी खरी ठरली, पण आता मोजमापासह. आणि 30 टक्के म्हणजे काही थोडे नव्हे.

1992 मध्ये अमेरिकेत रेजिनाल्ड न्यूएल आणि सहकाऱ्यांनी बाष्पाच्या अशा लांब, अरुंद प्रवाहांना नदीची उपमा दिली. त्यांतल्या एकेकातून अ‍ॅमेझॉनइतके पाणी वाहते, असे त्यांना आढळले. ‘वातावरणीय नदी’ ही संज्ञा त्यातून रुळली. काटेकोर व्याख्येत ती समशीतोष्ण कटिबंधातील आवर्तांबरोबर येणारी, थोड्या दिवसांची असते. आपला प्रवाह चार महिने टिकतो, म्हणून तो त्या व्याख्येत बसत नाही. पण एक गोष्ट दोन्हींत सारखी आहे. वाटेत पाऊस पडून पाणी गळत राहते आणि खालच्या समुद्रातून नवे भरत राहते. म्हणून वरचे 70 आणि 30 हे वहीतले आकडे आहेत. केनियाजवळ विषुववृत्त ओलांडलेला पाण्याचा तोच कण रत्नागिरीला पडेल, असे त्यांवरून म्हणता येत नाही.