सेसिल मातीचे कूळ

मेरीलँड राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, चेसापीक उपसागराच्या माथ्याशी सेसिल नावाची काउंटी आहे. १८९९ साली अमेरिकेच्या शेती खात्याने देशातली माती तपासून तिचे नकाशे काढायला घेतले. पहिल्याच हंगामात ज्या मोजक्या जागा निवडल्या त्यांत ही काउंटी होती. तिथल्या टेकाडांवर आणि उतारांवर सापडलेल्या खोल, निचऱ्याच्या मातीला सर्वेक्षकांनी जागेचेच नाव दिले. आज सेसिल माती व्हर्जिनियापासून अलाबामापर्यंत लाखो एकरांवर पसरलेली आहे आणि नॉर्थ कॅरोलिनाची राज्यमाती म्हणून ती ओळखली जाते. जिथे तिचे बारसे झाले त्या मेरीलँडच्या नकाशावर मात्र हे नाव आता लागत नाही. असे का झाले हे समजून घेताना माती ओळखण्याच्या शास्त्राची शंभर वर्षे डोळ्यांपुढून जातात.

ही माती जिथली, तो पीडमाँटचा पट्टा ॲपलाशियन डोंगर आणि अटलांटिकची सपाट किनारपट्टी यांच्यामध्ये पसरला आहे. जमीन उंचसखल, खाली ग्रॅनाइट आणि नाइस खडक. हिमयुगातला बर्फ या दक्षिणेकडच्या भागात पोचलाच नाही, त्यामुळे जुनी माती खरवडली गेली नाही आणि खडक आपल्या जागी लाखो वर्षे कुजत राहिला. पाऊस वर्षाला ११०० मिलिमीटरच्या वर आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही, वर्षभर पडत राहतो. पाणी सतत खाली झिरपते. खडकातल्या फेल्डस्पारची केओलिनाइट ही चिकणमाती बनते, लोह ऑक्सिजन घेऊन लाल होते आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम पाण्याबरोबर निघून जातात.

रस्त्यासाठी कापलेली ताजी दरड सापडली तर हे सगळे उभ्या भिंतीवर वाचता येते. वरची वीस सेंटिमीटर माती तपकिरी, रेताड पोयट्याची, हातात सहज भुगा होणारी. तिच्याखाली एकदम रंग पालटतो आणि गडद लाल चिकणमाती लागते, ती मीटरभर खोल जाते. ओली करून अंगठ्याने बोटावर दाबत नेली तर तिची लांब पट्टी निघते. ढेकूळ फोडले की त्याच्या कडांवर मेणासारखा चकचकीत लेप दिसतो. वरच्या थरातली बारीक चिकणमाती पाण्याने खाली आणून तिथे बसवली, त्याची ती खूण. मधूनमधून अभ्रकाचे कण चमकतात. सव्वा मीटरच्या सुमारास लाल रंग विस्कटतो आणि मूळ खडकाचे पट्टे दिसू लागतात. गारगोटीची पांढरी शीर जशीच्या तशी उभी असते, आजूबाजूचा खडक मात्र फावड्याने कापता येतो. या कुजलेल्या खडकाला शास्त्रात सॅप्रोलाइट म्हणतात. पक्का खडक लागायला दीड मीटरहून जास्त, कित्येकदा त्याच्या कितीतरी पट खाली जावे लागते.

लाल रंग हा निचऱ्याचाही पुरावा आहे. पाणी तुंबून राहिले असते तर लोहाचा रंग जाऊन राखाडी डाग पडले असते. सेसिलच्या वरच्या मीटरभरात ते नसतात. मुळांना हवा मिळते आणि पावसानंतर वापसा लवकर येतो. खोली, निचरा, नांगराला सोपा पृष्ठभाग हे सगळे पाहून शेतकरी या मातीवर भाळला नसता तरच नवल. पण तिची उणीव केओलिनाइटमध्ये आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि अन्नद्रव्ये धरून ठेवते. केओलिनाइटचे पापुद्रे घट्ट मिटलेले असतात. ते फुगत नाहीत, फाटत नाहीत आणि अन्नद्रव्येही फारशी धरत नाहीत. त्यामुळे या मातीचा निसर्गदत्त कस जवळपास सगळा वरच्या वीतभर थरात, पालापाचोळ्याच्या ह्युमसमध्ये असतो. खालची लाल माती आम्ल आहे, चुना घातल्याशिवाय तिथे पीक नीट उभे राहत नाही. माती मीटर-दीड मीटर खोल, पण पोसणारा भाग वीतभर.

सर्वेक्षण सुरू करणारा मिल्टन व्हिटनी मातीकडे मुख्यतः पोत आणि पाणी यांच्या अंगाने पाहत असे. खाली कोणता खडक आणि वर रेती किती, चिकण किती यावरून सुरुवातीची नावे पडली. सेसिल चिकणमाती, सेसिल पोयटा असे पोताचे प्रकार आधी आले आणि मग एका मूळ द्रव्यातून झालेल्या अशा प्रकारांची मिळून एक मालिका मानली जाऊ लागली. जागेच्या नावाने मृदा मालिका ओळखण्याची ही पद्धत पुढे टिकली आणि पसरली. आपल्याकडे नागपूरला मुख्यालय असलेला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो हीच रीत वापरतो. नागपूर जिल्ह्यातली काळ्या मातीची लिंगा मालिका अशाच गावाच्या नावाने ओळखली जाते.

माती म्हणजे खडकाचा नुसता चुरा नव्हे, हवामान, झाडझाडोरा, उतार आणि काळ मिळून तिला घडवतात, हे रशियात दोकुचायेव्हने १८८३मध्ये काळ्या चेर्नोझेमच्या अभ्यासातून मांडले होते. अमेरिकेला ते उशिरा पोचले. सर्वेक्षणाचा पुढचा प्रमुख कर्टिस मार्बट याने रशियन शास्त्रज्ञ ग्लिंकाचा ग्रंथ जर्मनमधून इंग्रजीत आणला, तो १९२७ साली छापला गेला. त्यानंतर माती तिच्या थरांवरून ओळखायची, हा दंडक झाला. गाय स्मिथच्या नेतृत्वाखाली नव्या वर्गीकरणाचे मसुद्यामागून मसुदे झाले. सातवा मसुदा १९६०मध्ये जगापुढे आला आणि १९७५मध्ये ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’ हा ग्रंथ निघाला.

त्यात सेसिल अल्टिसॉल या गणात बसली. खाली चिकणमाती साठलेला थर हवा आणि खोलवर मातीच्या कणांवरच्या अन्नद्रव्ये धरणाऱ्या जागांपैकी क्षारधर्मी द्रव्यांनी भरलेल्या जागा ३५ टक्क्यांहून कमी हव्यात, या त्या गणाच्या मुख्य अटी. १९८०च्या दशकात आणखी एक कसोटी आली. उष्ण प्रदेशांतल्या, अन्नद्रव्ये कमी धरणाऱ्या चिकणमातीचा वेगळा विचार झाला आणि सेसिलचे पूर्ण नाव टिपिक कॅनहॅप्लुडल्ट झाले. ऐकायला बोजड आहे, पण हे नाव वाचता येणाऱ्याला शेत न पाहता चार गोष्टी कळतात: धुऊन निघालेली माती, दमट हवामान, दुबळी चिकण, आणि या गटाचा साधा, नमुनेदार चेहरा. मला हे वर्गीकरणाचे मोठे यश वाटते.

या नव्या वर्गीकरणात मेरीलँड सुटले. नव्या पद्धतीत पन्नास सेंटिमीटर खोलीवरचे मातीचे वार्षिक सरासरी तापमानही धरतात. सेसिलसाठी ते १५ ते २२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवे. मेरीलँडची माती त्याहून थंड, म्हणून ती दुसऱ्या मालिकांत गेली. माती तीच राहिली, मोजपट्टी बारीक झाली.

या वंशावळीतून एक गोष्ट मात्र बराच काळ निसटली. १९०५ साली ह्यू हॅमंड बेनेट हा चोवीस वर्षांचा सर्वेक्षक व्हर्जिनियाच्या पीडमाँटमधल्या लुइझा काउंटीत आला. तो नॉर्थ कॅरोलिनातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातला होता. लुइझाची पिके का उतरली, हे शोधायचे काम होते. त्याला शेजारीशेजारी दोन तुकडे दिसले, उतार तोच, खडक तोच. रानाखाली माती मऊ, ओलसर, हाताने उकरता येणारी. शेतात मात्र कडक चिकण उघडी पडलेली. मधे घळ नव्हती, दरड कोसळलेली नव्हती. दर पावसात पातळ पापुद्रा निघून जात राहिला आणि कुणाच्या लक्षात आले नाही.

त्याच्या वरिष्ठाचे मत याच्या अगदी उलट होते. १९०९च्या सरकारी अहवालात व्हिटनीने माती ही देशाची न संपणारी, न झिजणारी संपत्ती असल्याचे लिहिले. ज्याने देशभर मातीचे नकाशे काढायला लावले, त्यानेच हे लिहावे याचे मला अजून वाईट वाटते. बेनेट नोकरीत राहून लिहीत राहिला. १९२८मध्ये त्याची धुपीवरची सरकारी पुस्तिका निघाली आणि १९३५मध्ये मृदसंधारणाचे स्वतंत्र खाते उभे राहिले. उताराला आडवी मशागत, पट्ट्यापट्ट्यांनी पिके, बांध हे त्याने देशभर नेले. पण पीडमाँटला उशीर झाला होता. आधी तंबाखू, मग कापूस, तेही गुलाम माणसांच्या श्रमांवर आणि रान तोडून नवी जमीन घेत जाण्याच्या सवयीवर. भूगोलतज्ज्ञ स्टॅन्ली ट्रिंबल याने १९७४मध्ये हिशेब मांडला: १७०० ते १९७० या काळात दक्षिण पीडमाँटची सरासरी सुमारे १८ सेंटिमीटर माती गेली. वर सांगितलेला तपकिरी थर वीस सेंटिमीटरचा आहे, हे लक्षात घ्या. गेलेल्यातली बरीच माती समुद्रापर्यंतही पोचली नाही, ओढ्यांच्या पात्रांत आणि दऱ्यांत साचून राहिली.

तिकडच्या मृदा नकाशांवर आज ‘सीईबी२’ असे एक चिन्ह सापडते. सेसिल रेताड चिकण पोयटा, दोन ते सहा टक्के उतार, मध्यम धूप झालेली, असा त्याचा उलगडा. रेताड पोयट्याच्या जागी ‘चिकण’ आली, कारण वरचा थर गेल्यावर नांगराने खालची लाल माती वर काढली. वर्गीकरणाच्या दृष्टीने ती अजून सेसिलच आहे, कारण कूळ खालच्या थरांवरून ठरते.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर अशीच उताराची तांबडी जमीन घेणाऱ्याने, बाग लावणाऱ्याने माती किती खोल आहे हे जरूर पाहावे. पण खड्डा घ्याल तेव्हा वरच्या वीतभर थराची जाडी आधी मोजा, आणि तीच मोजणी शेजारच्या न नांगरलेल्या रानातही करा.