क्रॉस, कप आणि वंगण
मालमोटारीच्या पोटाखालून गिअरपेटीपासून मागच्या आसापर्यंत जाणाऱ्या लांब पोकळ दांड्याला वाहनव्यवसायात प्रोपेलर शाफ्ट म्हणतात, आणि त्याच्या टोकांना असलेल्या सांध्याचे पुस्तकी नाव युनिव्हर्सल जॉइंट असले तरी गॅरेजमध्ये त्याची ओळख ‘क्रॉस’ एवढीच आहे. गिअरपेटी चासीला बसवलेली असते, मागचा आस मात्र पाट्यांवर तोललेला असल्यामुळे प्रत्येक खड्ड्याबरोबर वरखाली होतो, त्यामुळे शाफ्टला फिरता फिरता कोनही बदलत राहावे लागते. त्यासाठी समोरासमोर दोन दुबेळके, म्हणजे योक, त्यांच्यामध्ये अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा, त्याच्या चार टोकांवर चार कप आणि प्रत्येक कपात सुयांसारखे बारीक रोलर अशी योजना असते. या सांध्याच्या इतिहासात भूमितीला मान मिळाला आहे. वंगणाचा वाटा सहसा सांगितला जात नाही.

युरोपातील अनेक भाषांत या सांध्याला जेरोलामो कार्दानो या इटालियन गणितीचे नाव चिकटले आहे, पण ते फारसे न्याय्य नाही. १५५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने एकात एक फिरणाऱ्या कड्यांच्या टांगणीचे वर्णन केले होते खरे. परंतु तशी टांगणी बायझँटियमच्या फिलोला इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच ठाऊक होती, आणि तिच्यातून फिरती शक्ती वाहून नेण्याचा प्रश्न तेथे नव्हता. सांध्याचे खरे गणित मांडले ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे प्रयोग सांभाळणाऱ्या रॉबर्ट हुकने. गास्पार शोट या जेझुइट पंडिताने १६६४ मध्ये सांध्याच्या दोन्ही बाजू सारख्याच वेगाने फिरतात असे लिहून ठेवले होते. ते चूक असून वाकलेल्या सांध्यापलीकडचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो, हे हुकच्या लक्षात आले. कोन २० अंशांचा असेल आणि पहिला दांडा मिनिटाला १००० फेऱ्यांच्या गतीने एकसारखा फिरत असेल, तर दुसऱ्याची गती सुमारे ९४० ते १०६४ यांच्या दरम्यान हेलकावत राहते. गंमत अशी, की हुकला हा निव्वळ दोष वाटला नाही. सूर्यघडीवरील सावलीही तासातासाला असमान कोन कापते आणि ती असमानता नेमक्या याच नियमाने चालते, म्हणून सूर्यघडीच्या रेषा आखण्यासाठी हा सांधा वापरता येतो, हे त्याने दाखवून दिले. जेथे वेग एकसारखा हवा, तेथे १६८३ मध्ये त्याने वेगळा उपाय सुचवला: मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा असा बसवायचा, की पहिल्याने केलेली चूक दुसऱ्याने फेडावी.

भूमिती अशी सतराव्या शतकातच पुरी झाली होती, तरी सुरुवातीच्या अनेक मोटारी सायकलसारख्या साखळीवरच धावत असत. लुई रेनोने १८९८ मध्ये आपल्या छोट्या गाडीला शाफ्ट बसवला. पण उघड्या सांध्यातले वंगण भिरकावले जाणे आणि धूळ-चिखल आत शिरणे ही अडचण उरलीच. ती हाताळली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या क्लॅरेन्स स्पायसरने. त्याने सांध्याला बंदिस्त आवरण दिले, १९०३ मध्ये पेटंट मिळवले आणि १९०४ मध्ये न्यू जर्सीतील प्लेनफील्ड येथे उत्पादन सुरू केले. (पुणेकरांना स्पायसर हे नाव औंधच्या कॉलेजमुळे परिचित आहे, ते कॉलेज मात्र विल्यम ॲम्ब्रोज स्पायसर या मिशनऱ्याच्या नावाचे.)

वंगण आत टिकवण्याइतकेच ते आत पोहोचवणेही अवघड होते. बैलगाडीच्या आखाला घालायच्या वंगणाचे नळकांडे गाडीलाच टांगलेले असे, आणि चाक काढून चिंधीने वंगण फासले की गाडीवानाचे काम भागे. मोटारीच्या बंद सांध्यात मात्र चिंधी जात नाही. अमेरिकेत आर्थर गुलबोर्गने पहिल्या महायुद्धाच्या काळात दाबाने ग्रीस भरण्याची पद्धत आणली आणि १९२९ मध्ये ऑस्कर झर्क याला त्या छोट्या निपलचे पेटंट मिळाले, ज्याच्या टोकावर आजही ग्रीस गन टेकवली जाते.

मुंबईत १९४०च्या दशकाच्या अखेरीस जुळवल्या जाऊ लागलेल्या विलिस जीपला पुढचा आणि मागचा असे दोन शाफ्ट, म्हणून चार क्रॉस होते. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये पुढचीच चाके ओढत असल्याने लांब शाफ्टच नाहीसा झाला, आणि मालमोटारींतही पुढे कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले, निपल नसलेले क्रॉस आले.

निपल असलेल्या क्रॉसची शिस्त साधी आहे: चारही कपांच्या सीलमधून जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत गन दाबायची, कारण तीन कपांतून ते आले आणि चौथ्यातून आले नाही, तर तो चौथा कोरडाच राहतो. कपातल्या सुया पूर्ण फेरा घेत नाहीत, त्याच चिमूटभर जागेत पुढे-मागे डोलतात. त्यामुळे वंगण आटले की क्रॉसच्या टोकांवर सुयांच्या मापाचे समांतर चरे पडतात, कपाच्या तोंडाशी गेरूसारखी तांबूस भुकटी दिसू लागते आणि क्लच सोडताना ‘टक्’ असा आवाज येतो. तेथून पुढे क्रॉस बदलण्यावाचून इलाज नसतो. नवा कप बसवताना सुया ग्रीसनेच जागेवर धरून ठेवाव्या लागतात. एखादी आडवी पडली, तर कप पुरता आत जात नाही आणि लॉकची कडी खाचेत बसत नाही. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल, तर त्याचे आत-बाहेर सरकणारे दातेरी तोंड सोडण्यापूर्वी जाणता मिस्त्री दोन्ही भागांवर पंचाने खूण करतो. ती चुकून एकाच दात्याने जरी इकडेतिकडे झाली, तरी दोन्ही टोकांचे योक एका पातळीत राहत नाहीत, हुकने सुचवलेली फेड अपुरी पडते आणि नवे क्रॉस घातलेली गाडी वेग घेताच थरथरू लागते.