सिक्वेन्सर पॉवर बँकेवर चालतो का?

चालतो, पण थेट नाही. सिक्वेन्सर म्हणजे सुरांचा क्रम लक्षात ठेवून वाजवत राहणारं यंत्र. त्याला ९ व्होल्ट लागत असतील, तर पॉवर बँकेचे ५ व्होल्ट पुरत नाहीत. मध्ये बूस्ट मॉड्यूल हवं. पुण्यात ते बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शोधा.

खरी मेख पिनमध्ये आहे. बऱ्याच ॲडॉप्टरच्या पिनचा मधला भाग प्लस असतो, अनेक वाद्यांना मात्र मायनस लागतो. उलटं जोडलं तर सर्किट जळू शकतं! यंत्रावरची खूण पाहा, मॉड्यूल मल्टिमीटर लावून ९ व्होल्टवर आणा, मगच जोडा.

बॅटरी आतच बसवायची? मग लिथियम सेलला संरक्षक सर्किट हवंच, शिवाय ॲडॉप्टर आणि बॅटरी एकदम जोडली जाणार नाहीत असा स्विचही. आणि हो, करंट फारच कमी लागला तर काही पॉवर बँका आपोआप बंद पडतात.