बॅकअप फाइलचा तपशील देणाऱ्या कमांड (एसक्यूएल सर्व्हर)

डेटाबेस रिस्टोअर न करता बॅकअप फाइलमध्ये काय आहे हे सांगणाऱ्या, मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरमधील कमांड. लेबलओन्ली, हेडरओन्ली, फाइललिस्टओन्ली आणि व्हेरिफायओन्ली अशा त्या चार असून प्रत्येकीच्या आधी ‘रिस्टोअर’ हा शब्द लिहावा लागतो. नाव असे असले, तरी यांपैकी एकही कमांड डेटाबेसमध्ये बदल करत नाही. ती फक्त फाइल वाचते.

पूर्वपीठिका : एसक्यूएल सर्व्हरची जडणघडण सायबेस कंपनीच्या डेटाबेसवर झाली. तेथे बॅकअप घेण्याला ‘डंप’ आणि तो परत चढवण्याला ‘लोड’ म्हणत. लोड कमांडला हेडरओन्ली हा पर्याय जोडला, की डंपचा तपशील मिळे. १९९८ मध्ये आलेल्या ७.० या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने डंप आणि लोड यांच्या जागी बॅकअप आणि रिस्टोअर आणले. सायबेसचा पुढचा अवतार असलेल्या एसएपी एएसईमध्ये जुन्याच कमांड चालतात.

चार कमांड : लेबलओन्ली फाइलची ओळख सांगते. एकच बॅकअप चार फाइलींत विभागून घेतला असेल, तर हातातली फाइल चारांपैकी कितवी हे तिच्यावरून कळते. चारांपैकी एक जरी हरवली, तरी तो बॅकअप रिस्टोअर होत नाही. फाइललिस्टओन्ली मूळ डेटाबेसच्या डेटा व लॉग फाइलींची नावे, त्यांचे मार्ग आणि आकार देते. दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर करताना ‘मूव्ह’ पर्यायात हीच नावे द्यावी लागतात. डिस्कवर जागा किती लागेल, तेही येथेच समजते.

सर्वांत उपयोगी कमांड हेडरओन्ली. फाइलमधल्या प्रत्येक बॅकअपमागे ती एक ओळ देते : डेटाबेस व सर्व्हरचे नाव, सुरुवात व शेवटाची वेळ, सर्व्हरची आवृत्ती आणि बॅकअपचा प्रकार (१ म्हणजे पूर्ण, २ म्हणजे लॉग, ५ म्हणजे डिफरन्शियल). आवृत्तीचा आकडा आधी पाहणे हिताचे, कारण नव्या आवृत्तीतला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढत नाही. लॉग बॅकअपच्या ओळींत फर्स्टएलएसएन आणि लास्टएलएसएन हे लॉगमधील नोंदींचे पहिले व शेवटचे क्रमांक पाहावेत. आधीच्या बॅकअपचा शेवटचा क्रमांक आणि पुढच्याचा पहिला क्रमांक जुळले, तर साखळी अखंड आहे. मध्ये खंड असेल, तर त्यापुढचे लॉग लागू करता येत नाहीत.

‘पोझिशन’ हा रकाना विशेष महत्त्वाचा आहे. वेगळे सांगितले नाही, तर नवा बॅकअप त्याच फाइलच्या शेवटी जोडला जातो. एकाच फाइलमध्ये सोमवार ते रविवार सात पूर्ण बॅकअप साठले आणि रिस्टोअर करताना क्रमांक दिला नाही, तर पहिला, म्हणजे सोमवारचाच बॅकअप चढतो. कोणतीही चूक न दाखवता डेटा सहा दिवस मागे जातो. रविवारचा बॅकअप हवा असेल, तर ‘फाइल = ७’ असे लिहावेच लागते.

सर्व्हरची नोंदवही : घेतलेल्या बॅकअपची नोंद सर्व्हर एमएसडीबी या डेटाबेसमधील बॅकअपसेट तक्त्यात ठेवतो. गेल्या २४ तासांत कोणत्या डेटाबेसचा बॅकअप झाला नाही, हा रोजचा अहवाल त्यावरून निघतो. मात्र फाइल नंतर कोणी पुसली, तरी ही नोंद तशीच राहते. शिवाय सर्व्हरच बंद पडला, तर नोंदवहीही हाती लागत नाही. त्या वेळी हेडरओन्लीचा आधार असतो, कारण तपशील फाइलमध्येच असतो आणि तो दुसऱ्या सर्व्हरवरूनही वाचता येतो.

मर्यादा : व्हेरिफायओन्ली बॅकअप पूर्ण व वाचनीय आहे का ते तपासते. बॅकअप ‘चेकसम’ पर्यायासह घेतला असेल, तर ही तपासणी अधिक भक्कम होते. तरीही आतल्या डेटाची रचना शाबूत असल्याची हमी तिच्याकडून मिळत नाही. मूळ डेटाबेसच बिघडलेला असताना घेतलेला बॅकअपही ‘वैध’ ठरू शकतो. म्हणून बॅकअप ठरावीक काळाने वेगळ्या सर्व्हरवर रिस्टोअर करून त्यावर डेटाची रचना तपासणारी डीबीसीसी चेकडीबी ही कमांड चालवणे आवश्यक आहे. कोणती फाइल, कितवा बॅकअप आणि कोणत्या क्रमाने, हे या चार कमांड सांगतात. डेटा खरोखर परत मिळतो की नाही, हे रिस्टोअर करूनच सिद्ध होते.